रेघ आणि कोरा रकाना

ऑफिसात माझ्या नावाने आलेलं पहिलं पार्सल म्हणजे एक बिनबाह्यांचा शर्ट.

पांढरा, शाळेच्या युनिफॉर्मचा. कॉलर नीट इस्त्री केलेली, बटणं पक्की लावलेली, पण दोन्ही बाह्या नाहीत आणि खिसाही नाही. टाचणीने एक छापील चिठ्ठी अडकवलेली होती, आणि ती माझ्याच प्रोग्रॅममधून निघालेली होती. बाहीपुढे शून्य, खिशापुढे शून्य. खाली निळ्या पेनाने हिंदीत लिहिलं होतं, ‘जैसा लिखा था, वैसा काट दिया. और हुकुम?’

सरांनी शर्ट हवेत धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग अगदी शांतपणे विचारलं, "ही बनियान कुठल्या शाळेची?"

मला हसू आलं नाही. त्या महिन्यात माझं सगळं त्या प्रोग्रॅमवर होतं.

आधी ऑफिसाबद्दल सांगते. इंदुरात, पलासिया भागात एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चार कॉम्प्युटर, तिथे आम्ही मुली डेटा एंट्री करायचो. आतल्या खोलीत दोनच मशीन आणि एक कूलर, तिथे जावा चालायचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात जावा शिकले होते, पण मशीन आठवड्यातून एकदा मिळायचं, तेही तिघींत एक. बाकीचा प्रोग्रॅम वहीत लिहायचा आणि चालला असं समजायचं. म्हणून मी अर्धा दिवस टायपिंगचं काम धरलं होतं. येता-जाता आतल्या खोलीचं दार उघडं असलं की मान वळवून मशीनचा पडदा बघायचा, एवढंच माझं जावा.

सर पुण्याहून इंदुरात आलेले. बायकोची बदली झाली म्हणून आले आणि इथेच ऑफिस टाकलं. ते मला ‘तुम्ही’ म्हणायचे. आमच्या घरात, गल्लीत, कॉलेजात मला कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. त्यांच्या मराठीपुढे माझी मराठी निम्मी हिंदी होती. ते बोलले की मी "हौ" म्हणायची, मग जीभ चावून "हो" म्हणायची. प्रश्न विचारायची तर हिंमतच नव्हती. प्रश्न विचारला तर कळेल की हिला काही येत नाही, असं मनात पक्कं बसलेलं.

एप्रिलमध्ये त्यांनी बोलावून सांगितलं. कपडा मार्केटात शाळेचे युनिफॉर्म शिवणारं एक दुकान होतं. ग्राहक माप देऊन जातो, काउंटरवर चिठ्ठी बनते, चिठ्ठी वर कटिंग मास्टरकडे जाते. त्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर आणायच्या होत्या.

"महिना देतो," सर म्हणाले. "शेटजींनी प्रोग्रॅम घेतला तर आतली दुसरी खुर्ची तुमची. नाही घेतला तर परत टायपिंग. चालेल?"

"हौ," मी म्हणाले.

दुकानात एकदा सरांबरोबर जाऊन आले. शेटजींनी गेल्या हंगामातल्या चिठ्ठ्यांची एक गड्डी दिली. "कुछ पूछना है, बेटा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हणाले. तिथेच सगळं बिघडलं, पण ते मला नंतर कळलं.

चिठ्ठीवर नऊ रकाने होते. शाळा, छाती, लांबी हे तीन नेहमी भरलेले. बाकीचे सहा, म्हणजे खांदा, बाही, कॉलर, खिसा, बटण आणि जादा काही सूचना, हे कधी भरलेले, कधी नाही. मी एक मेथड लिहिली. मेथड म्हणजे कामाचं एक छोटं यंत्र समजा, एका बाजूने माहिती घालायची, दुसऱ्या बाजूने काम निघतं. माझ्या यंत्राला नऊ तोंडं होती. आणि जावाचा नियम असा की जेवढी तोंडं ठेवली तेवढ्या सगळ्यांत काही तरी घालावंच लागतं, तेही ठरलेल्या क्रमाने. एखादं सोडून देता येत नाही. दुसऱ्या काही भाषांमध्ये सोडता येतं, असं नंतर ऐकलं. जावा सोडू देत नाही.

मग जिथे चिठ्ठीत माप नव्हतं तिथे मी आकड्याच्या जागी शून्य घातलं आणि अक्षरांच्या जागी नल. नल म्हणजे काहीच नाही. वहीत हे छान दिसत होतं. पडद्यावरही छान दिसलं. सरांनी दहा चिठ्ठ्या छापून दुकानात पाठवल्या, मास्टरना वाचता येतात का बघायला. त्यातल्या एकीवरून तो शर्ट आला.

त्या दिवशी सरांनी मला रागावावं असं मला वाटत होतं, म्हणजे विषय संपला असता. ते म्हणाले, "मास्टर माणूस मजेदार दिसतो." मग खुर्ची ओढून शेजारी बसले. "बाही नाही आणि बाही शून्य इंच, यात फरक आहे ना?"

"हो."

"मग तो फरक तुमच्या मेथडला कोण सांगणार?"

मी घरी जाऊन पुस्तक काढलं. त्यात एक उपाय होता. एकाच नावाच्या अनेक मेथड लिहायच्या, एक पूर्ण, बाकीच्या छोट्या. छोटीला कमी गोष्टी द्यायच्या, उरलेल्या नेहमीच्या गोष्टी ती स्वतः भरते आणि मोठीला हाक मारते. याला ओव्हरलोडिंग म्हणतात. मला फार आवडलं. शाळा, छाती, लांबी दिली की शर्ट तयार, बाही त्या शाळेच्या नेहमीच्या मापाची. मी दोन दिवसांत पाच मेथड लिहिल्या. सहावीला कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून घेणारा, अडला.

झालं असं की, शाळेच्या नावाबरोबर छाती, लांबी आणि बाही एवढंच घेणारी एक मेथड होती. मला छाती, लांबी आणि खिसा घेणारी दुसरी हवी होती. पण दोन्हींना तीन आकडेच मिळणार. तिसरा आकडा बाहीचा की खिशाचा हे जावाला कसं कळावं? नाव एक, आकडे तितकेच. कंपायलर म्हणाला, ही मेथड आधीच आहे. मी नावं बदलली. नुसती बाही असलेली, नुसता खिसा असलेली, बाही आणि खिसा दोन्ही असलेली. शुक्रवारपर्यंत अकरा झाल्या. नावं इतकी लांब की ओळ पडद्याच्या बाहेर जायची.

सरांनी खाली खाली सरकवत सगळ्या पाहिल्या. "पुढच्या वर्षी शेटजींनी पँटचा रकाना वाढवला तर?"

मी मनात मोजायला लागले. त्यांना माझा चेहरा दिसला असणार, कारण ते जोरात हसले. कूलरच्या आवाजातही बाहेरच्या मुलींना ऐकू गेलं.

"काउंटरवरचा माणूस मास्टरला नऊ गोष्टी ओरडून सांगतो का हो? जिन्याखालून, एका दमात, क्रमाने?"

"नाही. चिठ्ठी पाठवतो."

"मग तुम्ही काय पाठवाल?"

मला थोडा वेळ लागला. मग कळलं. नऊ तोंडांऐवजी एकच तोंड ठेवायचं आणि त्यात चिठ्ठी घालायची. चिठ्ठी म्हणजे जावातला एक ऑब्जेक्ट. आधी कोरी चिठ्ठी बनवायची, मग तिला एकेक गोष्ट नावाने सांगायची. छाती एवढी, लांबी एवढी, खिसे दोन. जे सांगायचं नाही ते सांगू नये. क्रमाची भानगड नाही, बाहीचा आकडा खिशात जाण्याची भीती नाही. सगळं भरून झालं की शेवटी एकदा म्हणायचं, आता बनव. अकरा मेथड पुसताना मला इतका आनंद झाला की काय सांगू. लिहिण्यापेक्षा पुसण्यात जास्त मजा येते हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

जे सांगितलं नसेल तिथे चिठ्ठी त्या शाळेचं नेहमीचं माप आपोआप घेई. आता कधीही शून्य नाही, कधीही नल नाही. मी गड्डीतल्या साठेक चिठ्ठ्या भरून पाहिल्या, एकही शर्ट बिनबाह्यांचा निघाला नाही. शेटजी शनिवारी बघायला येणार होते. गुरुवारी संध्याकाळी मी गड्डी पिशवीत घालून घरी आणली, छापलेल्या चिठ्ठ्यांशी तुलना करायला.

आमचं घर परदेशीपुऱ्याच्या बाजूला, मिलच्या जुन्या वस्तीत. बाबा विणाई खात्यात होते. मी आठवीत असताना मिल बंद पडली. भोंगा बंद झाल्यावर आईने पहिल्यांदा घरात गजराचं घड्याळ आणलं. आता बाबा एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगवर होते आणि घरात तुटक्या शेवेला तोटा नव्हता. त्या दिवशीही ते शेव-परमलचं, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचं, ताट घेऊन बसले होते. मी चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या तशी त्यांनी मान पुढे केली.

"हे काय गं? मिलच्या चिठ्ठ्या कुठून आणल्यास?"

"मिलच्या नाही बाबा, युनिफॉर्मच्या दुकानाच्या आहेत."

"हां हां, पण लिहिल्यात तशाच." त्यांनी हात पुसून एक चिठ्ठी उचलली. "हे बघ, रेघ. म्हणजे नेहमीप्रमाणे." मग दुसरी उचलली. "आणि ही कोरी सोडलीय. हिचं काय झालं मग? विचारून भरली का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मी ती गड्डी महिनाभर हाताळली होती. काही रकान्यांत आडवी रेघ आहे, काही कोरे आहेत, हे मला दिसलं होतं. पण टायपिंगच्या टेबलावर आम्हाला शिकवलेलं असं की रेघ असो की कोरं, टॅब दाबायचा आणि पुढे जायचं. दोन्ही म्हणजे काही नाही.

"दोन्ही एकच ना बाबा?"

"एकच?" बाबांनी ताट बाजूला सरकवलं. इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहत होते. "अगं, रेघ मारली म्हणजे कुणीतरी विचार केलाय ना. बघितलं, ठरवलं, नेहमीसारखं करा. कोरं म्हणजे अजून कुणी ठरवलंच नाही. कोरं दिसलं की विणायचा साचा चालू करायचा नाही. जाऊन विचारायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

स्वयंपाकघरातून आई हसली. "सांगा ना. मुलीला सांगा आता, कपाटाचा पडदा कुठून आला ते."

आमच्या भांड्यांच्या कपाटाला पांढरा पडदा होता, लाल किनारीचा. मी जन्मल्यापासून तो तिथेच. बाबांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं. ते मिलमध्ये नवीन होते तेव्हाची गोष्ट. धोतराच्या ताग्याची चिठ्ठी आली, सगळं भरलेलं, किनारीच्या रंगाचा रकाना कोरा. आदल्या आठवड्यात लालच चालू होती. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, चहाला गेलेला. विचारायला जायचं तर हसतील, येवढं पण येत नाही म्हणतील. म्हणून बाबांनी लाल लावली. पूर्ण तागा विणला. ऑर्डर हिरव्या किनारीची होती.

"मग?"

"मग काय, सहा महिने मला खात्यात सगळे ‘लालाजी’ म्हणायचे," बाबा म्हणाले. "आणि तागा आम्हीच वाटून घेतला. तुझ्या आईने पडदे केले, झबली केली. तुझं पहिलं झबलं त्याचंच आहे, लाल किनारीचं."

मी हसले, पण डोळे भरून आले. हसतील म्हणून न विचारणारी मी एकटीच नव्हते तर. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि हसू थांबलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कोऱ्या रकान्याला नेहमीचं माप लागत होतं. मी बिनबाह्यांचे शर्ट थांबवले होते आणि आता लाल किनारीचे तागे विणत होते. शर्ट दिसायला अगदी नीट, फक्त बाही भलत्याच पोराची. आणि ते कुणालाच दिसलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात न जाता सवारीच्या टेम्पोने कपडा मार्केटला गेले. जिन्याच्या खाली पाच मिनिटं उभी राहिले असेन. वर कात्र्यांचा आवाज चालू होता. एका पायरीवर थांबून वाक्य पाठ केलं, मग वर गेले आणि ते विसरले.

कटिंग मास्टर बुटके, चष्मा नाकाच्या टोकावर, गळ्यात टेप. मी कोण ते सांगितलं.

"अच्छा! वो बिना बाँह वाली तुम हो?" त्यांनी मोठ्याने सगळ्या खोलीला सांगितलं. शिलाई मशिनी थांबल्या. "आओ आओ, बैठो. शर्ट पसंद आया?"

"मास्टरजी, एक बात पूछनी थी," मी म्हणाले. कान तापले होते. "ये लकीर और ये खाली... दोनों अलग हैं क्या?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "ये किसने बताया?"

"मेरे बाबा ने. मिल में थे. विणाई में."

"तभी!" त्यांनी टेबलावर हात मारला. "अरे मैं भी मिल का हूँ, फोल्डिंग खाते का. ये लकीर वाला कायदा यहाँ मैंने ही चलाया है. काउंटर वालों को मार-मार के सिखाया. और सुनो, कम्प्यूटर वाले दो बार पहले भी आए थे, किसी ने पूछा नहीं. सब सिर हिला के चले गए."

मग त्यांनी मला अर्धा तास एकेक चिठ्ठी समजावली, चहा पाजला, आणि निघताना म्हणाले, "कल मैं भी आऊँगा, सेठजी के साथ."

ऑफिसात पोहोचले तर अकरा वाजून गेले होते. उशीर का झाला ते सरांना सांगितलं, बाबांचा लाल तागाही सांगितला. ते ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलले. "मलाही सुचलं नाही हे," म्हणाले. "करा. आज होईल?"

"हौ," मी म्हणाले, आणि या वेळी जीभ चावली नाही.

फार काही करायचं नव्हतं. प्रत्येक माप साध्या आकड्याऐवजी अशा डब्यात ठेवलं जो रिकामाही राहू शकतो. रेघेसाठी चिठ्ठीला वेगळी सूचना दिली, ‘नेहमीप्रमाणे’, म्हणजे ते कुणीतरी मुद्दाम सांगितल्याशिवाय लागणार नाही. आणि शेवटी जिथे ‘आता बनव’ म्हणतो, तिथे तपासणी ठेवली. एक जरी डबा रिकामा असेल तर चिठ्ठी छापायचीच नाही, कोणता रकाना राहिला ते सांगायचं.

शनिवारी शेटजी आले, मागे मास्टर. शेटजी आतल्या खोलीत त्या दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि खिशातून आजच्याच दोन-चार चिठ्ठ्या काढल्या. एका बोटाने भरायला लागले. पहिली छापली गेली. दुसरीही. तिसरीला पडद्यावर रोमन अक्षरांत हिंदी उमटलं, ‘बाँह का नाप बाकी है. पूछकर भरें.’

शेटजींनी परत बटण दाबलं. तेच उमटलं. आणखी एकदा दाबलं.

"ये तो रोक रहा है!" ते सरांकडे वळले. "भिया, मशीन काम जल्दी करने को ले रहे हैं कि रोकने को? पहली दस चिट्ठियाँ तो सब छाप दी थीं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीतली टकटक थांबली होती, मुली ऐकत होत्या. मला वाटलं, गप्प राहावं, सर सांभाळतील. मग वाटलं, नाही, विचारायचंच.

"सेठजी," मी म्हणाले, "इस बच्चे की बाँह का नाप लिया था?"

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "ये... ये तो कॉलोनी वाली भाभीजी का लड़का है. नहीं लिया. लड़का आया ही नहीं, ननिहाल गया है. छाती-लंबाई माँ ने पुरानी शर्ट से दे दी, पुरानी की बाँहें तो कटवा रखी थीं."

"कब आएगा?"

"जून के आखिर में."

मास्टर मागून म्हणाले, "तो सेठजी, काटूँ क्या मैं? ननिहाल में आम खा के कितना लंबा होके आएगा, मेरे को तो पता नहीं."

शेटजी आधी चिठ्ठीकडे, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. आणि हसायला लागले, पोट हलेपर्यंत. "पिछले साल वो दो भाइयों की माँ याद है, जिनकी बाँह का नाप अंदाज़े से लिख दिया था?" त्यांनी मास्टरना विचारलं.

"दुकान में बैठ गई थी. उठती ही नहीं थी."

"रोकने दो," शेटजी म्हणाले. "रोकने दो इसको. लेकिन बेटा, मैसेज जरा बड़े अक्षर में, चश्मा भूल जाता हूँ."

अक्षरं मी तिथेच मोठी करून दिली.

ते गेल्यावर सर म्हणाले, "सोमवारपासून आत बसा." मी बाहेर जाऊन माझा डबा आणि वही उचलली. टायपिंगच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "चल, आता तू कूलरवाली झाली. आम्हाला ओळखशील ना?" मी तिला म्हटलं, दार उघडंच ठेवीन. आणि खरंच ठेवत होते, सर कूलरची हवा जाते म्हणून ओरडेपर्यंत.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी फार काही म्हटलं नाही. शेवेचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मास्टर फोल्डिंगमधले म्हणालीस? उंच का?"

"नाही, बुटके. चष्मा."

"मग ओळखत असेन. दुसऱ्या पाळीत असायचा. लालाजी नाव त्यानेच ठेवलं होतं वाटतं." आणि पुढच्या रविवारी ते खरंच कपडा मार्केटला जाऊन आले. विचारूनच आले, म्हणाले. तोच निघाला.

सोमवारी आतल्या खोलीत गेले तर माझ्या मॉनिटरवर धूळ बसू नये म्हणून काही तरी घातलेलं होतं. पांढरं, कॉलरला इस्त्री, बटणं लावलेली. बाह्या नव्हत्या म्हणून दोन्ही बाजूंनी अगदी फिट्ट बसलं होतं. मी बटणं काढली, घडी करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि मशीन चालू केलं.